पुढच्या बाकाचं तिकीट

बाबा, काल माझ्या नातीनं मला विचारलं, मोठ्या पडद्याच्या सिनेमाला जास्तीचे पैसे मोजावेत का. तिला मला नव्या थिएटरात न्यायचं आहे, तिकीट साध्याच्या दुपटीहून महाग. उद्या सांगतो म्हणालो, आणि ती गेल्यावर तुम्हाला हे लिहायला बसलो. मॅट्रिक नापास माणसाचं लिहिणं, चुका असतील; तुम्हाला तर वाचताच येत नव्हतं, म्हणून लिहायचा धीर होतो.

अमरावतीत रुंद पडदा पहिल्यांदा लागला तेव्हा अकोल्याहून लोक रेल्वेनं बघायला येत. माझं लग्न नुकतंच झालेलं. बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर मला सासऱ्यांनीच चिकटवलं होतं, त्यामुळे त्यांची भुवई हलली तरी मी उठून उभा राही. आम्हा नवराबायकोबरोबर सिनेमा बघायला मी त्यांना, सासूबाईंना, मेहुण्याला बोलावलं आणि तुम्हालाही निरोप धाडला. तुम्ही दर्यापूरच्या मोटारीनं थेट थिएटरवर आलात. धोतराला कापूस चिकटलेला, खांद्यावर घोंगडी, हातात सुनेसाठी हुरड्याची पिशवी. सासरे हळूच म्हणाले, "हे आपल्यात बसणार?" एवढंच.

मी खिडकीवर जाऊन पुढच्या बाकाचं तिकीट आणलं. "बाबा, तुमाले सगळ्यात पुढं बसवतो. पडदा तिथूनच मोठा दिसते."

आपल्या गावात दंडारीचा खेळ असला की पहिली सतरंजी पाटलाची आणि पाहुण्यांची. तुम्ही जन्मभर मागे उभं राहून पाहिलेली. "मले पुढं? अन् इवाई मांगं? बरं नाही दिसत रे."

"त्याईले चालते," मी सासऱ्यांकडे न बघता म्हणालो.

बाल्कनीतून तुमची टोपी स्पष्ट दिसते आहे. पडद्याच्या या टोकाला कोणी बोललं की तुम्ही इकडे वळता, उत्तर त्या टोकाहून आलं की तिकडे. मेहुणा म्हणतो, "जावईबापू, म्हातारा तर मानेनं ताक घुसळून राहिला!" सगळे हसतात. सर्वांत मोठ्यानं मी.

मान अवघडलेली घेऊन तुम्ही गावी गेलात आणि सांगत फिरलात की पोरानं मले इवायाच्याही पुढं बसवलं. मग एकदा पारावर मोटारीच्या कंडक्टरनं सांगितलं, "बुढ्या, ते तर सगळ्यात हलकं तिकीट असते!" सगळा पार हसला. पोळ्याला मी आलो तेव्हा तुम्ही बैलाची शिंगं रंगवत होतात. वर न पाहता म्हणालात, "काहून रे, सांगायचं ना मले. मी बाहेर बिडी ओढत बसलो असतो."

"बाल्कनी भरली होती, बाबा."

"भरली असन," तुम्ही म्हणालात आणि दुसरं शिंग धरलंत. माझ्या घरी तुम्ही पुन्हा कधी आला नाहीत.

नातीला काय सांगू? वरून पडदा खरंच पूर्ण दिसतो, मान हलवावी लागत नाही. पैसे वसूल होतात. हे पत्र टाकायला पत्ता नाही ते बरंच आहे. बाल्कनी भरली नव्हती, बाबा. तुमच्यासाठी काढलेलं सहावं तिकीट माझ्या खिशातच होतं, आणि माझ्या शेजारच्या त्या खुर्चीवर खेळ संपेपर्यंत सासऱ्यांचा कोट होता.