फुली यायच्या आत दारू सोडायची

५ मार्च १९२३
नाही, रोज नाही. कारण असलं तरच. आणि कारण मी शोधायला जात नाही, ते आपणहून दाराशी येतं.
लेकीचा निरोप आला. फुली पहिलटकरीण, माहेरी यायचं म्हणते. पण विसरवाडीला तिच्या सासरच्यांनी देवीपुढे दारू सोडलीय. पिणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही त्यांना. आई, दारूचं मडकं फोड, मग येते, असं म्हणाली.
फोडते. उद्या.

६ मार्च
फोडलं नाही. चांगलं मडकं आहे, डाळ शिजेल त्यात.
आतली संपवली. ओतून देणं बरं दिसलं नाही.

११ मार्च
एक थेंब नाही. डोकं जड. दीर आला, होळ्या. भाभी, तोंड का उतरलंय, म्हणे. तुझं बघून, म्हटलं. हसला नाही मेला. कमरेला बाटली होती त्याच्या. पाहुण्याला एकट्याला पिऊ द्यायचं, हे आपल्यात बसत नाही. शेजारच्याच घरात राहतो, पण पाहुणा तो पाहुणाच.

१७ मार्च
मोहाची फुलं पडायला लागली. वेचून अंगणात वाळत घातली. दारूसाठी नाही, गुरांना.
गुरं घ्यावी लागतील.

१९ मार्च
विसरवाडीच्या बाजाराला गेले, मीठ आणायला. देवीच्या धाकानं गिऱ्हाईक आटलं, म्हणून दारूच्या दुकानवाल्या शेठनं भाव उतरवलाय. माशा मारत बसला होता. म्हणाला, मंगळीबाई, तुम्ही तरी या. इतक्या मानानं हल्ली कोण बोलावतं? अर्धी बाटली घेतली. मीठ राहिलं.
फुलीचं घर तिथून हाकेवर. गेले नाही. हातात बाटली होती ना.

२६ मार्च
नवा नियम. फक्त दिवाल्यासाठी. गेल्या पावसाळ्यात माझा नवरा तापानं गेला, या दाराजवळच्या खाटेवर. मेलेल्या माणसाच्या नावानं जमिनीवर थेंब सांडायचे असतात, त्याला देवी तरी काय करणार? सांडले. पण आंबट निघाली तर तो काय म्हणेल? चाखली. आंबट नव्हती. परत एकदा खात्री केली.

३ एप्रिल
जावई आला, छगन. अंगणभर फुलं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. पाणी घेतलं नाही. म्हटलं, जावईबापू, गुरांना आहेत. मामी, गुरं कुठंयत, म्हणाला. येतील, म्हटलं.
जाताना बोलला, फुली रोज विचारते, मडकं फुटलं का. उद्या फोडते म्हणून सांग, म्हटलं.

१२ एप्रिल
छगन परत आला. फुलीला तिकडंच मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तिच्या जावेनं सगळं केलं म्हणे. मी 'बरं' म्हटलं.
संध्याकाळी होळ्या बाटली घेऊन आला. भाभी, नात झाली, आता तरी कारण खरं आहे, म्हणाला. खरंच होतं. घेतली नाही. इच्छाच झाली नाही. तो एकटा पीत बसला, मी बघत बसले.
लिहूनच टाकते. मडकं काय, एका दगडात फुटलं असतं. फुली यायलाच नको होती मला. बाळंतपणात ती या घरात मेली असती तर? दिवाल्याला जाताना बघितलं तेवढं पुरे होतं.