मागचं पत्र फाडून टाक

ता. १४, मंगळवार

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझा हात कसा आहे? प्लास्टर निघालं का? बोटं हलवत राहा, आळस करू नकोस.

कामावरून लिहितेय. आज लाँड्रीत दवाखान्याच्या चादरी आल्यात, डोंगर नुसता. जेवणाच्या सुट्टीत बसलेय, कारण घरी लिहिता येत नाही. अक्षर समजून घे, चौथीपर्यंतच शिकलेय.

मागच्या आठवड्यात माझं पत्र मिळालं असेल. तो सुधारला, रडतो, तुझ्यावाचून अन्न गोड लागत नाही, वगैरे. ते फाडून टाक. तो शेजारी बसून सांगत होता, मी उतरवून घेत होते. जेवतो चांगला, दोनदा मागून घेतो.

तुला तो का आवडला ते मला कळतं. अख्ख्या गल्लीला आवडायचा. मास्तरांना उलट बोलला, मालकाच्या तोंडावर चावी फेकून आला, कुणाच्या बापाला भीत नाही, म्हणून पोरी खिडकीत यायच्या. आणि मी? तुझे सासरे जन्मभर साहेबापुढे मान खाली घालून उभे राहिले, तसेच गेले. म्हणून हा मान वर करून बोलला की मला बरं वाटायचं. लोक तक्रार घेऊन आले की मी त्यांनाच झापायची, आणि आत येऊन हसायची. ते हसणं त्याने ऐकलंय.

त्या दिवशी त्याचं भांडण सुपरवायझरशी झालं, हात मोडला तुझा. मी चौकशी केली. सुपरवायझरला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं. कामावरून काढू नका म्हणून हात जोडले, पाया पडला, आणि मग घरी आला.

मी स्वयंपाकघरात होते. नळ चालू होता, ऐकू आलं नाही असं मी म्हणाले, ते खोटं. तू "आई" म्हणून दोनदा हाक मारलीस. डॉक्टरांना जिन्यावरून पडली असं मीच सांगितलं.

तर आता नीट वाच. रविवारी तो मला तुला न्यायला पाठवणार आहे. मी येईन. त्याला नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही, कधीच नव्हती. दारात बसेन, रडेन, पदर पसरेन, तुला नाही नाही ते बोलेन.

तू दार उघडू नकोस.

त्याची आई