काटा हलेना

४ मार्च, मंगळवार
काटा मेला! नवं इंजिन बसलं, गिअरबॉक्स बसला, ट्रक पहिल्या चावीला सुरू झाला — आणि आरपीएमचा काटा शून्यावर ढिम्म. बाकी सगळं चालू. डिझेलचा काटा, गरमीचा काटा, अगदी कित्येक महिने मुका झालेला इंडिकेटरसुद्धा म्हणे टिकटिक करतो. मेहुणा म्हणतो. करत असेल बापडा.

मालकीणबाई ट्रक स्वतः चालवतात. त्यांचं आधीचं इंजिन एका ड्रायव्हरने उतारावर नुसत्या अंदाजाने पळवून फोडलं, म्हणून त्यांना काटा हवाच. म्हटलं, "बाई, काट्याचं काय घेऊन बसलात? माझे कान आहेत ना!" उभा जन्म या कानांवर गॅरेज चालवलं. इंजिन किती फिरतंय ते डोळे मिटून सांगतो. या गाडीच्या इंजिनाला डिझेल देणारा पंपही कानावरच लावलाय.

"तुमचे कान माझ्याबरोबर उतारावर येणार आहेत का?" म्हणाल्या. माल भरून तयार आहे, तरी काटा हलल्याशिवाय गाडी नेणार नाहीत. तिखट बाई!

५ मार्च, बुधवार
फ्यूज बदलला. नाही. अर्थिंगची जागा घासून लख्ख केली. नाही. मीटर काढून बाजूच्या ट्रकला लावलं — तिथे काटा टुणकन उठला! म्हणजे मीटर ठणठणीत. आमच्याशीच काय वाकडं आहे कोण जाणे.

वायरिंग मेहुण्याकडे असतं. त्याला विचारलं. तो हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. काहीतरी पुटपुटला, मी हो हो म्हटलं.

हल्ली सगळेच पुटपुटतात. बँकेतली मुलगी, औषधवाला, टीव्हीवर बातम्या देणारे. बोलण्याचा पगार घेतात आणि तोंड उघडायला जिवावर येतं! घरी बायकोचंही तेच. एके काळी हिची हाक गल्लीच्या टोकाला जायची. आज संध्याकाळी एकदम समोर येऊन उभी. "अहो, बेल वाजतेय कधीची! दाराशीच बसलाय ना?" बेल बिघडलीये. बघायला हवी.

६ मार्च, गुरुवार
बेल उघडली. बिघाड सापडला नाही. परत बसवली.

७ मार्च, शुक्रवार
आज काट्याची वायर मीटरपासून खाली इंजिनापर्यंत हाताने चाचपत गेलो. कुठेही तुटलेली नाही. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरपाशी पोचलो तर टोक नुसतंच लोंबकळतंय. जोडणार कुठे? जागाच नाही! डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात, की त्यांच्या ठिणग्या मोजाव्यात. या ट्रकात इंजिन किती फिरतंय ते मीटरला कळतं अल्टरनेटरच्या तिसऱ्या टोकावरून. आणि नव्या इंजिनाबरोबर आलेल्या अल्टरनेटरला टोकं दोनच!

मेहुण्यावर भडकलो. "इतकी साधी गोष्ट! तुझ्या लक्षात यायला नको?"

तो कमरेवर हात ठेवून बघतच राहिला. "भाऊजी, इंजिन आलं त्याच दिवशी ओरडून सांगितलं — याला मीटरचं टोक नाही, जुना अल्टरनेटर चढवा. तुम्ही हो हो म्हणालात."

"मी?"

"परवा परत तेच सांगितलं. परवाही हो हो."

गाडीखाली असताना शंभर आवाज असतात. माणसाने समोर येऊन बोलावं. घरी हे सांगितलं तर बायको म्हणते, "तुमचं हो हो म्हणजे ऐकलं नाही, हे मला केव्हाचं ठाऊक आहे." भावाची बाजू घेणारच!

८ मार्च, शनिवार
जुना अल्टरनेटर चढवला, वायर जोडली, चावी फिरवली — काटा उठला! बाईंनी टाळ्या वाजवल्या.

अंगात आलं माझ्या. काट्याकडे पाठ करून उभा राहिलो. "मी ऐकून सांगतो, तुम्ही पडताळा!" मेहुण्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. "चौदाशे," म्हटलं. बाईंनी भुवया उंचावल्या. "बरं, पंधराशे." वळून बघितलं. काटा एकोणीसशेवर.

काटा खोटं बोलतोय, उघड आहे. अल्टरनेटर फिरवणाऱ्या पुलीचा आकार बदलला असणार, म्हणून जास्तीचं दाखवतोय.

१० मार्च, सोमवार
इंजिनाची आणि अल्टरनेटरची, दोन्ही पुल्या मोजल्या. जुन्या होत्या तेवढ्याच. बाजूच्या ट्रकचं मीटर आणून लावलं. तेही खोटारडं! शेवटी मेहुण्याने उजेड पाडून मोजायचं हातातलं मीटर आणलं, पुलीवर चकचकीत पट्टी चिकटवली, मोजलं. तेही त्यांनाच सामील.

मग त्याने पाय हळूहळू पूर्ण दाबत नेला. मी पंप असा लावला होता, की चोवीसशेला इंजिन आपोआप अडावं. काटा लाल पट्टीत शिरला. तीन हजारांच्या पुढे गेला. मेहुण्याने घाबरून पाय उचलला. मला अजून चोवीसशेच ऐकू येत होते.

बाई गेल्या मंगळवारीच निघाल्या असत्या. भरलेला ट्रक, तो उतार आणि माझे कान. काट्यासाठी अडून बसल्या म्हणून वाचल्या.

इथे कोण वाचतंय — लिहून टाकतो. घाबरलो. पाना खाली ठेवला. पंप मेहुण्याने लावला, काट्याकडे बघून. बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्याही असतील.

११ मार्च, मंगळवार
ट्रक गेला. दिवसभर गॅरेजमध्ये होतो. एकाही इंजिनाला हात लावला नाही.

१२ मार्च, बुधवार
सकाळी बायकोला म्हटलं, "बेल एकदा वाजवून दाखव." ती बाहेर गेली, बेलवर बोट ठेवून उभी राहिली आणि दारातून माझ्याकडे बघत बसली. डोळे भरलेले. मी म्हटलं, "अगं, दाब की!" समोरच्या घरातल्या आजी तणतणत बाहेर आल्या. दोन्ही हात कानांवर.