उजवा स्पीकर

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र वहिनीकडे सरकवशील आणि ‘बघ, टिकटिक काय म्हणतेय’ म्हणशील, हे मला ठाऊक आहे. सरकवू नकोस, स्वतः वाच. फोनवर आपलं दुसऱ्या वाक्याला वाजतं आणि मला हे शेवटपर्यंत सांगायचंय. गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे. मी दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवते, संध्याकाळी तीन जिने चढून घरी येते, म्हणजे माझंही बरं चाललंय. आणि मी बाबांचा स्टिरिओ सुधारायला काढलाय. ‘हिला साधा बल्ब बदलता येत नाही’ असं एकदा म्हणून घे आणि पुढे वाच.

माझी जुनी स्कूटर विकली. त्या पैशांत नवी येत नव्हती, तेव्हा म्हटलं, निदान गाणं तरी नीट ऐकू. कारण आवाज फारच पिचका झाला होता. वाटलं, यंत्र म्हातारं झालं असेल. माझ्या घरात एकच स्पीकर आहे म्हणून असं होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी सवय झाली होती. तुला आठवतं ना, बाबा गेल्यावर मामांनी खोलीच्या मधोमध उभं राहून कशी वाटणी केली? खुर्च्या तीन-तीन, गाद्या दोन-दोन, कपाट तुला, टेप आणि ॲम्प्लिफायर मला, आणि स्पीकर एक-एक. चपलांचा जोड असता तरी मामांनी एक-एक दिली असती, आणि आपण दोघं तेव्हा इतके पेटलो होतो की तसेच लंगडत घरी गेलो असतो. मग शेवटी आई. सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे. मी हक्काने मागितलं होतं, आणि त्याबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही. पण तेव्हापासून तू तिला गेटपाशी सोडतोस आणि तोंड फिरवून गाडी वळवतोस, मीही तसंच करते, आणि आई आपली बॅग घेऊन कुणाचा तरी हात शोधत आत जाते, याचं मात्र वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. बाबा गेल्यापासून ती दोघांची कॅसेट लावायची माझी हिंमत झाली नव्हती. तुझीही झाली नसती. आई गातेय आणि बाबा व्हायोलिन वाजवतायत, ती. रेकॉर्डिंगच्या दिवशीचं भांडण तुला आठवत असेलच. बाबा लय पळवतात म्हणून आई म्हणाली, माझ्या जवळ बसायचं नाही. मग ती खिडकीत आणि बाबा लांब स्वयंपाकघराच्या दारात, आणि तू मधे बसून दोघांपुढे एकेक माइक ठेवलास. परवा आईने आपणहून ती कॅसेट लावायला सांगितली. लावली. आई गात होती, फक्त आई. मधेमधे थांबायची, जणू कुणाची तरी वाट बघतेय, मग पुन्हा गायची. बाबा कुठेच नाहीत. कॅसेट खराब झाली म्हणून मी हादरलेच. आई भाजी निवडत राहिली, निवडलेलीच पुन्हा निवडत राहिली.

दुसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन मी स्टिरिओच्या दुकानात गेले. आई म्हणाली, मीही येते. दुकानदार भला माणूस, त्याने ती आपल्या दोन स्पीकरवर लावली. डावीकडून आई आली आणि उजवीकडून, दादा, बाबा आले. अगदी दारात बसल्यासारखे लांबून, खुर्चीच्या करकरीसकट. आई स्टुलावर बसल्या बसल्या उजवीकडे वळली. मला वाटलं, रडणार. तिने कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, “अजून घाईच!” रडले मी. दुकानदाराने समजावलं की कॅसेट शाबूत आहे, पण तुझ्या दोन माइकचे आवाज दोन वेगळ्या बाजूंना भरलेत, आई डावीकडे आणि बाबा उजवीकडे. म्हणजे बाबा संपूर्ण उजव्या स्पीकरात आहेत. तुझ्याकडच्या. ज्यावर वहिनीने झाडाची कुंडी ठेवलीय म्हणे.

मी तिथल्या तिथे नवी जोडी घ्यायला निघाले होते. परवडणाऱ्या दोन जोड्या त्याने ऐकवल्या. खरं सांगायचं तर तो स्वतःच म्हणाला की तुमच्या पैशांत येईल ते तुमच्या जुन्यापेक्षा हलकंच असेल. मग म्हणाला, दोन्ही बाजू एकाच स्पीकरात आणून देतो, फुकट. तसं करून ऐकलं तर आई म्हणाली, हे माझ्या मांडीवर येऊन बसले की काय, ते तर दारात बसायचे. तेव्हा तोही बेत बारगळला. घरी येताना दुसऱ्या जिन्यावर ती दम खायला थांबली आणि कठड्याला धरून म्हणाली, “मला तुम्ही वाटून घेतलंत, ते मी चालवून घेतलं. पण ह्यांना का वाटलंत?” याचं उत्तर तुला सुचलं तर कळव. वर आल्यावर मी तिच्या पलंगाखाली वाकून बघितलं. तिची बॅग अजून अर्धी भरलेलीच असते. तुझ्याकडेही तशीच असते का रे?

तर मी ठरवलंय. हे वाचून लगेच उड्या मारू नकोस, आणि नको-नकोही करू नकोस, कारण मी तुझ्याकडचा स्पीकर मागायला हे लिहिलेलं नाही. स्कूटरच्या पैशांतून टेपचा पट्टा बदलून घेतला, स्पीकरच्या कडेचा फोम नवा बसवला, चांगली वायर आणि दोन स्टँड घेतले. तुझ्या स्पीकरचाही फोम आणलाय. हे सगळं मी येत्या रविवारी तुझ्याकडे घेऊन येतेय, आणि आईलाही. सहा महिन्यांसाठी नाही, कायमची. तुझं घर तळमजल्यावर आहे, एकही जिना नाही, आणि तिला कुठे राहायचंय हे आपण दोघांनी एकदाही विचारलं नव्हतं. मी काल विचारलं. ती तुझं नाव घेताना माझ्याकडे बघत नव्हती, म्हणून ते खरं आहे हे कळलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण निर्णय तिचा. माझी अट एकच. मी गेटपाशी थांबणार नाही. दर रविवारी आत येणार, चहा पिणार, आणि तुझ्याशी भांडायचं तर तुझ्या घरात बसून भांडणार. डावा स्पीकर खिडकीपाशी लावायचा, उजवा स्वयंपाकघराच्या दारात, तसूभरही इकडेतिकडे नाही. तेवढी ती कुंडी शनिवारीच उचलून ठेव.

तुझीच,
टिकटिक