गणप्पाचं गाणं

१३ जानेवारी १९६३, मल्लेश्वरम, बंगलोर

रविवार, पण हे कारखान्यातच. चीनशी लढाई झाल्यापासून विमानांच्या कामाला सुट्टी नाही. वरच्या खोलीतला डॅनियल तिळगूळ खायला खाली आला. त्याच्या देशात, टांगानिकात, ‘मामा’ म्हणजे आई, म्हणून मला मामा म्हणतो. शेजारीण अजून हसते.

इथले आफ्रिकन विद्यार्थी मिळून मार्चमध्ये नाचगाण्यांचा कार्यक्रम करणार आहेत. डॅ.ची खंत अशी, की बघायला येणार कॉलेजातले साहेब. पूर्वी ज्यांना गुलाम करून गलबतांत घालून नेलं, त्यांच्या नातवंडांपर्यंत ही गाणी जायला हवीत, ती माणसं इथे कुठली? मी सहज म्हटलं, एक आहे. शिवाजीनगरच्या भाजीबाजारात भेटते. रुक्मा. एका साहेबाकडे आया आहे. यल्लापूरच्या रानातली सिद्दी, पूर्वज आफ्रिकेतलेच. बोलते निम्मी कोंकणी, निम्मी आपल्यासारखी.

तिला इथे बोलवाल का, त्याने लगेच विचारलं. लाडू हातात तसाच.

२० जाने.

रुक्माला बाजारात गाठलं. यायला तयार नाही. साहेब रागावेल म्हणाली. आणि मग, पिशवी उचलता उचलता, “त्याचे केस माझ्यासारखेच गो अक्का?”

३ फेब्रुवारी

आली. पायरीवरच बसली, आत येईना. डॅ.ही मग पायरीवरच. दोघं एकमेकांचे हात बघत होते. मी मधे दुभाषी. तिचं मराठीत घोळवून इंग्रजीत, त्याचं उलट.

तिच्या बापाकडे, गणप्पाकडे, एक ढोल आहे. देवांजवळ ठेवलेला. आणि एक गाणं, पणज्यापासूनचं. शब्द कोणालाच कळत नाहीत. घरात म्हणतात, त्यात आपल्या मूळ गावाचं नाव आहे.

डॅ. जेवला नाही. बापाला इथे बोलवायचं, गाडीभाडं तोच देणार म्हणतो.

१७ मार्च

गणप्पा आला. वाळका, उंच, पांढरी दाढी. ढोल घोंगडीत गुंडाळून आणलेला. आधी ढोलाला नमस्कार, मग डोळे मिटून सुरू. खालच्या पट्टीत, चालत चालत यावं तसं. हे दाढी अर्धी सोडून बाहेर आले, ते तसेच उभे.

डॅ.ने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा एकदा. मग माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाला, “यातला एकही शब्द मला येत नाही, मामा. सांगा त्यांना.”

सांगितलं. दुसरं कोण सांगणार.

गणप्पाने ढोलावरचा हात काढला. मग हळूच, “मगे हें गीत कोणाचें?”

डॅ. म्हणाला, आफ्रिका फार मोठी आहे, शेकडो भाषा, कोणाला तरी कळेल. तेही सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि ढोल घोंगडीत बांधायला घेतला. रुक्मा बापाकडे बघतच नव्हती.

१८ मार्च

डॅ. कॉलेजला गेला नाही. एक शब्द ओळखीचा आहे एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला दोनदा विचारलं. हे म्हणाले, खोटं ते खोटंच, त्याने बरोबर केलं. बरोबर असेल.

२४ मार्च

कार्यक्रम छान झाला. कार्यक्रमासाठी थांबलेल्या गणप्पाला मागे बसायचं होतं, डॅ.ने पुढे बसवलं. शेवटी डॅ.च्या गावचं कांडपाचं गाणं. आजी कांडते आहे, कोंबड्यांनो, लांब बसा, असं काहीसं. दुसऱ्या फेरीला गणप्पाचा हात गुडघ्यावर पडायला लागला. तिसऱ्याला उठलाच. रुक्माही. टाळ्या थांबेनात.

नंतर अंगणात बसून डॅ.ने ते गाणं त्याला शब्दन् शब्द शिकवलं, अर्थासकट. कोंबड्यांना म्हातारा खूप हसला. किती दिवसांनी बरं वाटलं.

९ जून

डॅ. गेल्या आठवड्यात गेला. शिक्षण संपलं. वाकून नमस्कार केला, आपल्यासारखा. वरची खोली झाडवत नाही अजून.

२० ऑक्टोबर

रुक्मा नवरात्राला गावी गेली होती, आज भेटून गेली. खुशीत. बापाने देवांपुढे ढोल वाजवला. कांडपाचं गाणं! साऱ्या वाडीच्या पोरांना पाठ झालंय.

आणि ते जुनं?

“तें सोडलें. समजना तें कित्याक म्हणूंचें, म्हणता.” न कळणारं कशाला म्हणायचं!

मी विचारलं, तुला येतं का? दोन ओळी म्हटल्या, पुढे अडली. बाकी सगळं बापाकडेच. तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. आता काय म्हणतो ते तरी कळतं, म्हणाली. गाणं त्यांचं.

तरीपण. त्या सकाळचं ते खालच्या पट्टीतलं… चाल आठवायला बसले तर कांडपाचंच ओठांवर येतं.

१० नोव्हेंबर

डॅ.चं पत्र. तिकडे नोकरी लागली. विचारतो, गणप्पा आमचं गाणं म्हणतो का? म्हणत असेल तर माझ्या आजीला सांगेन, तिला खरंच वाटणार नाही.

हो, म्हणतो, एवढं लिहिलं. पुढचं, जुनं सोडलं ते, लिहावं की नाही… हे म्हणाले, लिही. त्या दिवशी तोही खरं बोलला होता.

रुक्मा शिमग्याला जाणार आहे. म्हटलं, बापाला बसव, ते जुनं गाणं निदान तू तरी शिकून घे. “सरी अक्का, विचारतें.” पण तो म्हणेलसं तिला वाटत नाही. माझं पत्र अजून अर्धंच आहे.