चाळीस आणि एक्केचाळीसच्या मध्ये

२० डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, या खेपेला अटींसह.

तुझं पत्र मिळालं. आता आपण दोघंच उरलो, तर दोन गावांत दोन कुलपं कशाला, माझ्याकडे कायमची राहायला ये, पूर्वेची खोली रंगवायला काढली आहे, असं तू लिहिलंस. वाचून बरं वाटलं आणि लगेच हिशेबही करायला बसले. आई गेल्याला एकतीस वर्षं झाली. त्यात आपण भेटलो किती? कोणाच्या लग्नात, कोणाच्या दवाखान्यात, आणि तुझी बायको गेली तेव्हा चार दिवस. तू चहात साखर किती घेतोस तेही मला सांगता यायचं नाही. अशा माणसाच्या घरी अडुसष्टाव्या वर्षी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे धाडसच.

मग मनात आलं, तू जन्मभर गाणी लिहिलीस, तेव्हा जे काही बोलायचं ते त्यांत बोलला असशील. आणि मी त्यातलं एकही गाणं धड ऐकलेलं नाही. तुला हा माझा ताठा वाटत आलाय, ते ठाऊक आहे मला. ताठा नव्हता रे. चौतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डासमोर बसले, डोक्यावर हेडफोन आणि कानात अख्ख्या गावाची घाई. घरी आलं की मला पंख्याचा आवाजही सोसायचा नाही. शेजारी रेडिओ लागला की मी खिडकी लावून घ्यायचे.

तर असं कर. तुझ्या सगळ्या गाण्यांची यादी पाठव, लिहिल्याच्या क्रमाने, तारखा घालून. भाचीला सांग, गाणी कशात तरी भरून दे. मी रोज सकाळी चहानंतर एक ऐकेन. एकच. यादी संपली की येते की नाही ते कळवीन. तोवर फोन करायचा नाही. फोनवर माणसं घड्याळाकडे बघत बोलतात, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगते.

लोभ आहेच. तो वाढवायचा की आहे तेवढ्यावर भागवायचं, ते यादी संपल्यावर बघू.

तुझी ताई


२८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न., दोन्ही हात जोडून, कारण परीक्षक तू आहेस.

साठी उलटल्यावर परीक्षेला बसवलंस. यादी सोबत आहे, एकूण त्र्याहत्तर गाणी. पहिली दहा तपासताना हात सैल ठेव, तेव्हा मला चंद्राशिवाय काही दिसत नव्हतं. तुझ्या भाचीने सगळी एका काळ्या डबीत भरली आहेत. तिला तीन कळा आहेत. मधली दाबली की गाणं लागतं, तीच दाबली की थांबतं. तिसरीच्या वाटेला जाऊ नकोस, ती मलाही कळलेली नाही.

गाण्यावरून माणूस कळतो यावर माझा फारसा विश्वास नाही. बरेचदा चाल आधी तयार असते. संगीतकार ती पेटीवर वाजवून दाखवतात आणि आपण मापाचे शब्द बसवायचे. खरे शब्द सुचेपर्यंत काहीबाही भरून ठेवतो, त्याला आम्ही डमी म्हणतो. एकदा मी वाण्याकडच्या सामानाची यादी चालीत बसवून ठेवली होती, आणि गायिका ती डोळे मिटून गायला लागली. वेळेवर थांबवलं म्हणून बरं. सांगायचं एवढंच की प्रत्येक शब्द माझ्या काळजातून आलाय असं धरून चालू नकोस.

खोलीचा रंग सायीसारखा हवा होता, तो पिस्त्यासारखा झाला. आवडणार नसेल तर कळव. चहात साखर दीड चमचा.

निकाल लागेपर्यंत लोभात खंड नसावा.

धाकटा


२३ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

एकोणीस झाली. पहिल्या दहांबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. चंद्र मोजले, चौदा निघाले. एका गाण्यात तर पाच आहेत. पण अकरावं लागलं आणि चहाचा रिकामा कप मी हातात तसाच धरून बसले. दोरीवर एकच सदरा वाळतोय आणि त्याची बाही वाऱ्याने हलते. तो बाबांचा सदरा ना? ते गेल्यावर आईने धुऊन घातला होता तो? तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास. तुला त्यातलं काही आठवत नसेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

बाकी माझा कान अजून शाबूत आहे. बाराव्यात दुसऱ्या कडव्याआधी कोणाची तरी खुर्ची करकरते. सोळाव्याच्या गायकाला सर्दी झाली होती. चौदाव्यात ती बाई ओळ संपायच्या आत श्वास घेते. तू तिला जास्त लांब ओळ दिलीस, चूक तुझी आहे.

आता मला एक सांग. एकोणीस गाण्यांत अकरा वेळा दार आहे. उघडं, बंद, किलकिलं, एका ठिकाणी तर नुसती चौकट. खिडकी एकही नाही. हे काय प्रकरण आहे?

आणखी एक. खालच्या दुकानातल्या घड्याळजींना हा माझा उद्योग कळला. त्यांनी यादी मागून घेतली, वाचली, डोळ्याचं भिंग काढून परत वाचली, आणि म्हणाले की यात ते गाणं नाहीच. कोणतं, म्हणून विचारलं तर ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी तुझी बहीण आहे की नाही याचीच त्यांना शंका आली असावी. गुणगुणून दाखवायला लागले, मी थांबवलं. जे यादीत नाही ते ऐकायचं नाही. पण यादीत का नाही?

लोभ किंचित वाढला आहे. हुरळून जाऊ नकोस.

ताई


३० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खुर्ची माझी होती. मी पुढे वाकून ऐकत होतो, ती वाजली, आणि चाळीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही म्हणून मी निर्धास्त होतो. सर्दीचंही बरोबर आहे. तुझ्या कानाची आता भीती वाटायला लागली आहे.

सदरा बाबांचाच.

दारांचं मला माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून मीही मोजली. मग विचार करत बसलो. बाबा गेल्यावर तू आणि आई आत बसून काय काय ठरवायचात. कुठे नोकरी मिळेल, कोणती खोली सोडायची, माझी शाळा कोणती. आणि मला म्हणायचात, जरा बाहेर बस रे. मी उंबऱ्यावर बसायचो, ना आत ना बाहेर. तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही दोघींनी घर तारलं. पण मला वाटतं मी अजून तिथेच बसलोय.

घड्याळजींना सांग, लिहिलेलं सगळंच यादीत घालण्यासारखं नसतं. त्याबद्दल एवढंच पुरे.

वाढलेला लोभ जपून ठेवला आहे.

धाकटा


१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

आज एक्केचाळिसावं झालं. उंबऱ्याचं वाचून फार वाईट वाटलं. तुला बाहेर बसवायचो ते आमचं रडणं दिसू नये म्हणून. ते तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

तारखा बघण्याची माझी सवय जात नाही. चाळीस आणि एक्केचाळीसच्या मध्ये अकरा महिने रिकामे आहेत. आई गेली ती त्यातच. तू दाराबद्दल खरं लिहिलंस, म्हणून मीही एका दाराबद्दल लिहिते. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या गुरुवारी मी दुपारपाळीला होते. आईने साडेसहाला तुला फोन केला, नेहमीसारखा तीन मिनिटांचा. मी नऊला घरी आले. रोज मी दोनदा टकटक करायचे, मग आतून तिच्या चपला फरफटत यायच्या आणि कडी निघायची. त्या दिवशी पहिल्याच टकटकीला दार आत गेलं. कडी काढलेली होती. तिच्या चपला दाराला लागून पडल्या होत्या, एक दाराबरोबर सरकली. ती पलंगावर होती. डॉक्टर म्हणाले की झोपेतच गेली, पण ते सगळ्यांच्या घरी तसंच म्हणतात. कडी न लावता आई कधी बसली आहे का? मग ती कशाला तरी उठली असणार. कोणाला हाक मारायला दारापर्यंत गेली असणार, जिन्यात कोणी नसणार, आणि परत येऊन पडली असणार. तेव्हा मी बोर्डावर बसून परक्या माणसांना हवी ती माणसं जोडून देत होते.

एकतीस वर्षं मी हीच कडी रोज लावते आणि रोज हाच विचार करते. तिचं शेवटचं बोलणं तुझ्या वाट्याला आलं, त्याचा मला राग होता. म्हणूनही मी तुझ्याकडे फारशी आले नाही. आता राग नाही, पण विचारते. छातीत दुखतंय, घाबरं होतंय, असं काही ती म्हणाली होती का? असेल तर लिही. वाईट असलं तरी लिही. हे कळल्याशिवाय हे घर सोडून निघायला माझं मन होत नाही.

लोभ आहे. उत्तर दे.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो.

गाणी त्र्याहत्तर नाहीत, चौऱ्याहत्तर आहेत. घड्याळजी म्हणतात ते त्या अकरा महिन्यांच्या आधीचं, चाळीसच्या लगेच नंतरचं. त्या गुरुवारी मी संगीतकारांच्या खोलीत होतो. चाल तयार होती, शब्द सकाळी हवे होते. आईचा फोन तिथेच आला. ती बोलत होती, डोक्यात चाल चालू होती, आणि तिची वाक्यं त्या चालीत आपोआप बसत गेली. फोन ठेवल्या ठेवल्या मी ती डमी म्हणून उतरवून काढली, खरे शब्द नंतर घालू म्हणून. रात्री तुझा निरोप आला आणि मी कागद तिथेच टाकून निघालो. सकाळी गायिका आली. संगीतकारांना पेटीवर कागद सापडला, त्यांनी तिच्याकडून तोच गाऊन घेतला. मी परत आलो तोवर ते घरोघरी वाजत होतं. एका प्राध्यापकांनी त्यावर लेख लिहून त्यातली बये म्हणजे आपला जीवात्मा, असं सिद्धही केलं.

मी ते गाणं आजवर ऐकलेलं नाही. कुठे लागलं तर उठून जातो. का, ते सांगतो. आई माझ्याशी बोलता बोलता मध्येच तुझ्याशी बोलायला लागली, जशी तू तिथेच आहेस. तू तर कामावर होतीस. तिला भ्रम होतोय, काहीतरी बिघडलंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. शेजारी फोन करायला हवा होता, तुला कळवायला हवं होतं. मी काय केलं, तर शब्द उतरवत बसलो. म्हणून ते यादीत नाही, आणि म्हणून ते अकरा महिने रिकामे आहेत.

पण तुझ्या कडीचं उत्तर त्यात आहे. इथे लिहिता आलं असतं, पण तिचं बोलणं तू तिच्याच शब्दांत ऐकावंस. दुसरी डबी पाठवतोय. मधली कळ.

हे कळल्यावर तू यायचं नाही म्हणालीस तर मी बोलणार नाही. लोभ मागायचा धीर या वेळी होत नाही.

धाकटा


२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक आशीर्वाद. अटी मागे घेतल्या.

डबी परवा आली. बावन्नावं गाणं बाजूला ठेवलं आणि हे लावलं. मग नियम मोडला. त्या दिवशी पाच वेळा ऐकलं, आणि काल, आजही तेच.

आज जरा लवकर पडते,
दार नुसतं लोटून ठेवते,
बये, ऐकतेस ना गं बये,
ढकलू नको, हळूच ये.

कडी तिनेच काढून ठेवली होती, धाकट्या. मी आल्यावर उठायला नको म्हणून. आणि दार वाऱ्याने उघडू नये म्हणून आतून चपला टेकवल्या होत्या. म्हणून ढकलू नको. ती कोणाला हाक मारायला उठली नव्हती. माझी सोय करून झोपली होती. मी खूप रडले, आणि रडून झाल्यावर इतकी भूक लागली की दुपारचं जेवण सकाळीच उरकलं.

आता तुझं ऐक. तिला भ्रम झाला नव्हता. तो फोन तुला कोण जोडून द्यायचं असं तुला वाटतं? दर गुरुवारी साडेसहाला आईचा कॉल आला की बाकीच्या मुली तो माझ्याकडे सोपवायच्या. मी जोडायचे आणि म्हणायचे, बोला. तेवढंच, कामाच्या आवाजात. तू एकदाही ओळखलं नाहीस. आईने पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि मला बये म्हणणारी तीच एक. आम्हाला नियम होता, माणसं बोलायला लागली की आपली ऐकायची कळ बंद करायची. बाकीच्या कधीमधी उघडी ठेवायच्या. मी चौतीस वर्षांत एकदाही नाही, आणि त्याचा मला केवढा गर्व होता. आईला मात्र वाटायचं की मी ऐकत असते. ती त्या दिवशी पूर्ण शुद्धीत होती. एका कॉलमध्ये दोघांची कामं उरकत होती, दुसरं काय.

मी कळ बंद केली म्हणून मला ते ऐकू आलं नाही. तू उतरवून घेतलंस म्हणून ते राहिलं. उतरवत बसलो याची शिक्षा तू एकतीस वर्षं भोगलीस, आता पुरे झालं. यादीत चाळीसनंतर ते गाणं स्वतःच्या हाताने लिही आणि पुढचे आकडे बदल. घड्याळजींना मी गुणगुणायची परवानगी दिली आहे. ते बेसूर आहेत, पण शब्द सगळे पाठ आहेत.

अजून बावीस गाणी उरली आहेत. ती तिथे येऊन ऐकेन, रोज एक. ऐकताना समोर बसून माझा चेहरा वाचायचा नाही. आणि चौऱ्याहत्तरातलं हे एक आपण दोघांनी एकदा बरोबर ऐकायचं, तुला उठून जाता येणार नाही. पिस्ता राहू दे.

लोभ मागायला धीर लागत नाही, वेड्या. तो तुझाच आहे.

येत्या गुरुवारी निघते, साडेसहापर्यंत पोचेन. न्यायला येऊ नकोस, तुझेही गुडघे आता दुखत असतील. दार नुसतं लोटून ठेव. मी ढकलणार नाही.

तुझी ताई