डी ड्राइव्हवरची यादी

सर, तुम्ही गेल्याच्या पुढच्या वर्षी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. ब्राह्मणपाऱ्यातला आपला टायपिंगचा क्लास काकू एकट्याच कसाबसा चालवत होत्या. त्यांनी मला बोलावलं, कारण दहावी नापास असलो तरी ते यंत्र हाताळायला तुम्हीच मला शिकवलं होतं. विंडोज काढून लिनक्स टाकायचं ठरलं. तुमच्या विद्यार्थ्यांची यादी तेवढी वाचवायची होती: कोण कधी पास झालं, किती स्पीडनं. ती फाइल माय डॉक्युमेंट्समध्ये लगेच सापडली. पेन ड्राइव्हवर घेतली, फाइलचं नाव तीनदा वाचलं, एकही अक्षर चुकलं नव्हतं. मग सगळी डिस्क पुसली.

लिनक्सवर फाइल उघडली तर तुमचा फॉर्म तसाच आला, पण रकाने रिकामे. सूचना आली, डी ड्राइव्हवरचं फोल्डर सापडत नाही. म्हणजे मी आणलेल्या फाइलमध्ये नुसता फॉर्म होता. नावं त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये होती, आणि ते मी पुसून बसलो होतो. आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायला दोन मिनिटं लागली असती. दुसऱ्यानं वाचून पक्क्या प्रतीशी मिलान केल्याशिवाय कच्चा कागद फाडायचा नाही, हा तुमचा नियम. मी एकदा फाडला होता. अजून दिसतं, तुम्ही खुर्चीवरून उठता, कचऱ्याची टोपली माझ्यापुढे उलटी करता. "काहून फाडला रे पोट्ट्या? इतकी घाई हाय तर मेल गाडी चालव ना!" सगळा क्लास हसतो आणि मी दुपारभर तुकडे जुळवत बसतो. डिस्कच्या बाबतीत तेवढीही सोय नव्हती.

त्याच आठवड्यात गुढियारीहून तुमची एक जुनी विद्यार्थिनी आली. घर बदलताना तिचं सर्टिफिकेट हरवलं होतं आणि नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात ऑपरेटरची जागा निघाली होती. "भैया, परसों लास्ट डेट है. सर के कंप्यूटर में तो मेरा नाम होगा ना?" काकू माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "सरांनी यादी सेव्हच केली नव्हती, काकू." त्या दीदीनं फॉर्मची चार पदरी घडी केली आणि गेली. तो तिला भरता आला नाही, हे नंतर कळलं. काकू एवढंच म्हणाल्या, "त्यायचं असंच होतं बाप्पा. पेपर घेऊन बसले का दूध उतू गेलं तरी पत्ता नाही." आणि तुम्ही तर प्रत्येक निकाल त्याच संध्याकाळी भरत होता.

या गोष्टीला सात वर्षं झाली. जुनं सर्टिफिकेट मागायला जो कोणी येतो त्याला काकू अजून तेच सांगून राहिल्या, की आमच्या साहेबांनी सेव्हच नाही केलं. मी दर गुरुवारी जातो, प्रिंटर पाहून देतो, चहा घेतो. त्या दुधाचं सांगतात तेव्हा मीही हसतो. फार थकायला होतं, सर. खरं तर मी हे पत्र काकूंना लिहायला बसलो होतो. वर 'काकू' लिहवेना, म्हणून 'सर' लिहिलं.